रिकाम्या खोलीचं माप

१

सकाळी सहाला नळाला पाणी यायचं आणि साडेसहाला जायचं. तेवढ्यात चाळीस मुलींनी दोन न्हाणीघरांत सगळं उरकायचं. तिसऱ्या न्हाणीघराला कुलूप होतं आणि त्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी होती. दुरुस्ती कधी सुरू झाली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाटीला गंज चढला होता.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर उन्हाळी इंटर्नसाठी जी खोली दाखवली होती तिच्यात ऊन होतं, टेबलावर दिवा होता, पांढरीशुभ्र गादी होती. ती खोली खोटी होती असं नाही. ती समोरच्या नव्या इमारतीत होती आणि दोन महिने रिकामी पडून राहणार होती, कारण नव्या वर्षाच्या मुली येण्याआधी तिला रंग द्यायचा होता. इंटर्न मुलींच्या वाट्याला आली मागची जुनी इमारत. ही वर्षाचे दहा महिने बंदच असते. दोन महिन्यांसाठी राबायला आलेल्या पोरींना एवढं पुष्कळ झालं, असा वरच्या लोकांचा विचार असावा.

तळमजल्यावर सात नंबरच्या खोलीत दोघी होत्या. एक हवा तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर हातात मीटर घेऊन कुठल्या ना कुठल्या खोलीची हवा मोजत बसते म्हणून तिच्या मैत्रिणीने तिचं नाव मापाडी ठेवलं. ही मैत्रीण तिच्याहून दोन वर्षांनी लहान, ग्रंथालयात जुन्या नकाशांच्या याद्या करायला आलेली. सारखं काहीतरी कुरतडत असायची, बिस्किटाचा एक तुकडा पाच मिनिटं पुरवायची, म्हणून ती खारू. नावं ठेवायला पहिली संध्याकाळ पुरली.

खारूला लहानपणापासून दमा होता. तिला सोडायला आलेल्या तिच्या दादाने खोलीत पाऊल ठेवलं, नाक वर करून वास घेतला आणि मापाडीला बाजूला बोलावून म्हणाला, “ओल आहे गं इथं. हिला सोसत नाही. हिचा पंप कायम उशाशी असू दे. मी लांब असतो, तूच बघ जरा.”

“बघते दादा, काळजी करू नका,” मापाडी म्हणाली आणि तो गेल्या गेल्या खिडकी उघडायला गेली.

खिडकी उघडेना. दोन झडपांची, मोठ्या तावदानांची, मागच्या रानटी गवताकडे बघणारी खिडकी होती. तिच्यावर वर्षानुवर्षं रंगावर रंग चढवून झडपा चौकटीला चिकटून बसल्या होत्या. चाकूने खरवडून झालं, ढकलून झालं. शेवटी मापाडीने वसतिगृहाच्या ॲपवर पहिली तक्रार टाकली: खिडकी उघडत नाही, भिंतीला बुरशी आहे, मैत्रिणीला दमा आहे. दुसऱ्या दिवशी एक माणूस आला, बुरशीवर पांढरा रंग फासला आणि गेला. ॲपवर हिरवी खूण उमटली: तक्रार निकाली.

२

दोन आठवडे खोली झाडली गेली नाही. गाद्यांखाली धुळीचे लोळ जमले. खारू शिंकून शिंकून बेजार झाली, तेव्हा मापाडीने कामावर जाता जाता झाडणाऱ्या मावशींना गाठलं.

“मावशी, सगळ्या खोल्या झाडता, आमचीच तेवढी सोडता. आम्ही काय पाप केलंय?”

मावशींना राग आला. त्यांनी कमरेला खोचलेली वही काढून पुढे धरली. “वाच. रोज येते मी. रोज लिहिते.”

सात नंबरसमोर रोज एकच नोंद होती: मुली झोपलेल्या.

“किती वाजता येता?”

“बारा, साडेबारा. व्यवस्थापकांनी किल्ली दिलीय. दार लोटते, तर तुमचे श्वास ऐकू येतात. मग मागं फिरते. झोपमोड कशाला करू?”

“अहो, बाराला आम्ही कामावर असतो. दोघीही. आम्हाला बघितलंत का कधी?”

“आत कशाला डोकावू मी? पोरी कशा झोपल्यात, ते बघायची रीत नव्हे.” मावशींनी वही परत खोचली. “एकीचा श्वास तर असा अडकत अडकत येतो. मध्येच थांबतो, मग शिट्टीसारखा वाजतो. मला बाई भीतीच वाटते ऐकायला. त्या पोरीला दवाखान्यात ने.”

मापाडीला हसू आलं. मावशी काम चुकवतात आणि वर गोष्टी रचतात, असं तिने ठरवून टाकलं. पण खारूचा श्वास नेमका तसाच होता, आणि खारू सकाळी नऊपासून सहापर्यंत ग्रंथालयात असायची, तिथे सहीसुद्धा करायची. मावशींनी संध्याकाळी कधीतरी ऐकलं असेल. मावशी दोनला घरी जातात हे मापाडीला नंतर आठवलं, तेव्हा तिने दुसरं कारण शोधलं.

३

खारूला आता दिवसातून चार वेळा पंप लागत होता. मापाडीने आणखी चार तक्रारी टाकल्या आणि चारही हिरव्या झाल्या. मग तिने व्यवस्थापकांचं दालन गाठलं. दालन नव्या इमारतीत होतं, गार आणि सुवासिक. व्यवस्थापक कायम हसत असत. त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता, आणि त्यांच्या हातून कुठलं काम झालेलंही कुणी पाहिलं नव्हतं.

“बाळ, हवा खराब आहे असं तू म्हणतेस. पण काही पुरावा? तू तर शास्त्राची विद्यार्थिनी.”

हे तिला झोंबलं. पुरावा हवा ना? देते. तिने प्रयोगशाळेतून मीटर मागून आणलं. माणूस श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड ते दर पाच मिनिटांनी टिपतं. कोंडलेल्या खोलीत आकडा चढत जातो. दोघी झोपलेल्या असताना तो कुठवर जातो हे दाखवलं की व्यवस्थापकांचं हसू उतरेल, अशी तिची खात्री होती.

चार दिवस मीटर खोलीत ठेवलं. मग तिने प्रयोगशाळेच्या पद्धतीने अहवाल केला. पद्धत अशी की आधी रिकाम्या खोलीचं माप घ्यायचं आणि ते माणसं असतानाच्या मापातून वजा करायचं. उरतं ते माणसांमुळे. दिवसभर खोली रिकामीच असते, तेव्हा दिवसाचं माप रिकाम्या खोलीचं. वजाबाकी संगणक आपोआप करतो. तिने निःशंकपणे सगळे आकडे आत ढकलले, कामाची घाई होती म्हणून शेवटचा तक्ता न बघताच सही केली आणि पाठवून दिला.

तासाभरात उत्तर आलं. ‘आपल्याच अहवालानुसार खोलीत माणसं असताना व नसताना हवेत काहीही फरक आढळत नाही. हवा उत्तम आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ खाली हिरवी खूण, आणि जोडीला तिची स्वतःची सही.

४

मापाडीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग मूळ आकडे उघडून बसली.

बाहेरच्या मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या आसपास असतो. त्या दोघी झोपलेल्या असताना खोलीत तो दोन हजारांवर जाऊन स्थिरावत होता. एकेकीचे आठशे. इथवर सगळं ठीक होतं.

सकाळी दोघी दार लावून निघाल्या की आकडा खाली येई. सहाशे, साडेपाचशे. मग अकराच्या सुमाराला तो वळे आणि चढू लागे. दुपारी तो दोन हजारांवर जाऊन थांबे. चारही दिवस. कुलूपबंद, रिकाम्या खोलीत.

मीटर बिघडलं असेल. तिने दुसरं आणलं, तिसरं आणलं, बाहेरच्या हवेत ठेवून तिन्हींचे आकडे जुळवून घेतले. शेजारची आठ नंबरची खोली सामानाची होती, तिच्यात एक ठेवलं. तिथे दिवसभर चारशे वीसच्या वर काही हललं नाही. गटारातून वायू येत असेल. पण गटाराला वेळ कळत नाही, आणि तो सातमध्ये येऊन आठमध्ये न येण्याइतका हुशार नसतो. कुणीतरी किल्ली वापरून आत येऊन झोपत असेल. हेच सगळ्यात पटण्यासारखं होतं, आणि व्यवस्थापकांवर तिचा असा राग होता की हे खरं ठरावं अशी तिची इच्छाही होती. मावशींना त्या दिवशी सात नंबरकडे येऊ नका असं सांगून तिने निघताना दाराच्या फटीवर केसाएवढी चिकटपट्टी लावली. संध्याकाळी पट्टी जशीच्या तशी होती. आत मीटरवर दोन हजार होते.

तिने चारशे वजा केले, आठशेने भागले. दोन माणसं.

“अगं, काय बघतेस एवढं?” खारूने गादीवरून विचारलं.

“काही नाही. मीटर बिघडलंय.”

“तुझं मीटर बिघडलं, माझं मशीन बिघडलं.” खारूने छातीवर टिचकी मारली आणि हसायला गेली, पण हसू मध्येच तुटलं आणि ती पंपासाठी चाचपडू लागली.

५

सहाव्या आठवड्यात खारू ग्रंथालयातच कोसळली. दवाखान्यात नेली तेव्हा ओठ निळे पडले होते. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. त्याने मापाडीला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई तिन्ही त्रिकाळ खारूची छाती तपासत आणि कपाळाला आठ्या घालत. “नळ्या मोकळ्या आहेत. औषध पोचतंय. ऑक्सिजन चालू आहे. पण ही श्वास घेते आणि तो अर्ध्यावरच संपतो. तळापर्यंत जातच नाही. उरलेला जातो कुठे, मला कळत नाही.”

“बरी होईल ना?” दादाने विचारलं.

“दमतेय ती. किती दिवस असं ओढणार?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

मापाडी तीन दिवस दवाखान्यातल्या बाकावर होती. खोलीकडे फिरकलीही नव्हती. पण खोलीतलं मीटर फोनला जोडलेलं होतं आणि तिला राहवेना. तिने बघितलं. तीन दिवस त्या खोलीत कुणीही नव्हतं, आकडा मात्र दोन हजारांवर ठाण मांडून होता. आता तो सकाळीही उतरत नव्हता.

हे डॉक्टरीणबाईंना सांगावं म्हणून ती उठली, आणि वाक्याच्या मध्येच तिला थांबून दम घ्यावा लागला. बसून बसून अंग अवघडलं, असं तिने स्वतःला सांगितलं.

“तुलाही बरं नाही वाटत का?” बाईंनी विचारलं.

“नाही, ठीक आहे,” असं म्हणून ती तडक व्यवस्थापकांकडे निघाली. तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

६

“ती खिडकी आत्ताच्या आत्ता उघडून द्या,” मापाडी दारातूनच म्हणाली.

“अरे, ये ना बाळ, बस. मैत्रीण कशी आहे? फार वाईट वाटलं ऐकून.”

“वाईट वाटलं? पाच तक्रारी केल्या मी. पाच! तुम्ही एकदा तरी येऊन बघितलं? बुरशीवर रंग फासलात. ती मरायला टेकलीय तिकडे आणि तुमच्या ॲपवर सगळं हिरवंगार!”

व्यवस्थापक हसले. “त्रागा करू नये. अहवाल तर तूच दिला होतास. आणि खिडकीचं म्हणशील तर ती जुनी चौकट आहे, हात लावला तर सगळीच निखळेल. सुट्टीनंतर बघू. तसंही तुम्ही दोघी आता तिथं नाही, नाही का? उद्या एक नवीन मुलगी येतेय. लांबून येतेय बिचारी. सात नंबर रिकामी आहे म्हणून तिला तीच दिली.”

“ती रिकामी नाहीये,” मापाडी म्हणाली.

“म्हणजे?”

काय सांगणार? ती दार आपटून बाहेर पडली आणि थेट मागच्या इमारतीकडे चालू लागली. दुपारचे दोन वाजले होते. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

७

किल्ली तिच्याकडे होती, पण दारापर्यंत जाऊन तिचा हात वर होईना. लाकडाला कान लावला. आतून श्वास ऐकू येत होते. एक संथ होता. दुसरा अडकत होता, थांबत होता, शिट्टी वाजवत होता. हा श्वास तिने सहा आठवडे रोज शेजारच्या गादीवर ऐकला होता, आणि गेले तीन दिवस दवाखान्यात तोच ऐकत बसली होती.

दार उघडायचं नाही, एवढंच तिला समजत होतं. ती वळसा घालून इमारतीच्या मागे गेली. कमरेएवढ्या गवतातून, फुटक्या फरश्या आणि पाइपांचे तुकडे तुडवत खिडकीपाशी पोचली.

खोली लख्ख दिसत होती. गाद्या रिकाम्या होत्या, खारूची चादर घडी न करता पडली होती, टेबलावर मीटर होतं. माणूस कुणी नव्हतं. पण दोन्ही तावदानांवर आतल्या बाजूने, तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एकेक गोल होता. बाहेर उन्हाने काच हाताला चटका देत होती. असल्या काचेवर वाफ धरत नाही. हे तिला ठाऊक होतं, ती मनाशी बजावतही होती, आणि गोल तरीही वाढत होते, आटत होते, पुन्हा वाढत होते.

डावीकडचा थोडा खाली होता. खारू तिच्याहून चार बोटं बुटकी होती. तो गोल हळूच पसरायचा, थरथरायचा, अर्ध्यावर थांबायचा.

उजवीकडचा तिच्या तोंडासमोर होता. मापाडीने घाबरून श्वास रोखला. उजवीकडचा गोल होता तिथेच थांबला.

तिने श्वास सोडला. तो पसरला.

डावा गोल मात्र लहान होत चालला होता. प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा थोडा लहान. रुपयाएवढा, मग नखाएवढा. मग तो उमटला आणि पुन्हा उमटायला बराच वेळ लागला.

त्यानंतर मापाडीने विचार केला नाही. सहा आठवड्यांचा राग तिच्या हातात उतरला. तिने गवतातला लोखंडी पाइप उचलला आणि डाव्या तावदानावर सगळ्या ताकदीनिशी हाणला. काच फुटली. आतून कोंदट, ओला, ऊबदार वारा तिच्या तोंडावर आला आणि तिच्या बाजूने निघून गेला. त्याला बिस्किटांचा वास होता.

खिशातला फोन वाजला. दादा होता. रडत होता की हसत होता हे कळत नव्हतं.

“अगं, ती उठून बसली! आत्ता, या क्षणाला! केवढा मोठा श्वास घेतला, डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. पाणी मागितलं तिने. तू ऐकतेस ना?”

“ऐकतेय,” मापाडी म्हणाली आणि फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने पाइप उजव्या तावदानाकडे उचलला.

मागून कुणीतरी तो हात धरला.

८

वॉचमनचं काही चुकलं नव्हतं. काच फुटल्याचा आवाज आला आणि तो धावला. त्याच्यामागून व्यवस्थापकही आले, गवतातून बूट वाचवत. आज पहिल्यांदाच ते हसत नव्हते.

“ही काय गुंडगिरी? विद्यापीठाची मालमत्ता आहे ही!”

“दुसरी फोडू द्या,” मापाडी म्हणाली. “एकच. पाया पडते. ती एक काच फोडू द्या, मग काय हवं ते करा माझं.”

“डोकं फिरलंय हिचं. हिला आधी लांब न्या.”

“सर, बघा तरी! तिकडे, काचेवर बघा!”

व्यवस्थापकांनी बघितलं. त्यांना उन्हाने चमकणारं तावदान दिसलं असावं, कारण ते लगेच वळले आणि फोनवर सुताराला बोलावू लागले. वॉचमनने तिला धरून कठड्यापर्यंत नेलं आणि बसवलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पाणीही दिलं.

सुतार पंधरा मिनिटांत आला. नवी कोरी प्लायवूडची फळी, खिळ्यांचा डबा, हातोडा, सगळं घेऊन आला. फुटकी काच, धड काच, दोन्ही झाकून अख्खी खिडकी बाहेरून बंद करा, असं त्याला सांगण्यात आलं. उद्या नवीन मुलगी येणार होती, तिच्या अंगावर काचा पडायला नकोत. त्या इमारतीत कुठलीही दुरुस्ती अर्ध्या तासात झाल्याचं मापाडीने पहिल्यांदाच बघितलं. फळी चौकटीवर बसली. सुताराने कोपऱ्यात पहिला खिळा ठोकला, मग दुसरा. तो काम चोख करत होता, फट कुठे राहू देत नव्हता. शेवटी त्याने कडांवरून पुट्टीसुद्धा फिरवली.

व्यवस्थापक पुन्हा हसू लागले होते.

फोन अजून चालू होता. तिकडे दादाने तो बहिणीच्या हातात दिला होता. खारूचा आवाज मोकळा, भरलेला, कधी नव्हे इतका लांब पल्ल्याचा येत होता.

“मापाडी! अगं मला किती छान वाटतंय, तुला सांगू! एका दमात किती बोलतेय बघ! अगं पण तू का गप्प? बोल ना.”

“खारू,” मापाडी म्हणाली. “मी...”

“अशी का धापा टाकतेस? पळत आलीस का कुठून?”

मापाडी अर्ध्या तासापासून कठड्यावर बसून होती. नाही, पळत नाही आले, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं, हवा आत ओढली, पुन्हा ओढली, आणि ‘नाही’च्या पुढे तिला जाता आलं नाही.